अमायलॉइडोसिसने किडनी गेली: डायलिसिस की ट्रान्सप्लांट?

घरात डोनर तयार असला की "मग थांबायचं कशाला?" हा प्रश्न येतोच. अमायलॉइडोसिसमध्ये, म्हणजे अमायलॉइड नावाचं बिघडलेलं प्रथिन अवयवांत साचण्याच्या आजारात, थांबायला कारण असतं. किडनीत साचणारं प्रथिन तयार होतं भलतीकडेच. ते थांबवलं नाही तर आईने दिलेल्या किडनीतही तेच साचू लागतं. त्यामुळे बायॉप्सीच्या रिपोर्टवर नुसतं 'काँगो रेड पॉझिटिव्ह' (अमायलॉइड आहे, एवढंच) असेल, तर त्याचा टाइप (एएल, एए की आनुवंशिक) कळल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

एएल प्रकारात मूळ अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींत असतं. म्हणून आधी हेमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ): बोर्टेझोमिबची केमो, आणि खर्च झेपत असेल तर जोडीला डाराटुमुमॅब. फ्री लाइट चेन, म्हणजे या पेशींनी रक्तात सोडलेली प्रथिनं, नीट खाली येऊन काही महिने तिथेच राहिल्या, की मग ट्रान्सप्लांटचं बोलायचं. पण हृदयातही अमायलॉइड बरंच साचलं असेल, तर माझा कौल डायलिसिसला; टूडी इको आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय डोनरच्या तपासण्यांवर पैसे घालू नयेत. डाराटुमुमॅब घेतलेलं असल्यास क्रॉसमॅचच्या (डोनर पेशंटला जुळतो का, या रक्ततपासणीच्या) लॅबला आधीच सांगा, नाहीतर डोनर जुळत असूनही रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे न जुळल्याचा, येऊ शकतो. शिवाय पुढे आजार उलटला तर लेनालिडोमाइड हे औषध जपूनच वापरावं लागतं, कारण त्याने रिजेक्शन होऊ शकतं, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारू शकतं.

एए प्रकार आपल्याकडे बरेचदा टीबीच्या किंवा जुन्या संधिवाताच्या मागून येतो. मूळ आजार ताब्यात असेल तर इथे ट्रान्सप्लांटचं पारडं जड. टीबीचा कोर्स मात्र आधी संपवलेला बरा: रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असताना, रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी घसरते आणि डोस जुळवता जुळवता डॉक्टर मेटाकुटीला येतात. आनुवंशिक प्रकार असेल तर नात्यातल्या डोनरची जनुकीय तपासणी हवीच.

डायलिसिसही या पेशंटना सोपं जात नाही. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, त्यात मशीनवर बीपी धाडकन खाली. अशांना पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, अधिक मानवतं. घरी होतं, बीपी सांभाळलं जातं. पण पोटात सोडून बाहेर काढलेल्या पाण्यावाटे प्रथिनं जातात आणि स्वच्छतेत हयगय झाली की पोटात इन्फेक्शन.

थांबायचं ठरलं तरी दोन गोष्टी आत्ताच विचारून घ्या. घरात डोनर नसेल तर हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीच्या) यादीत नाव कधी घालता येईल? आणि हिमोग्लोबिन उतरलं तर रक्त न चढवता एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या) इंजेक्शनवर भागेल का? रक्त चढवल्याने अँटिबॉडी तयार झाल्या, तर पुढे डोनर जुळणं कठीण होतं.