मोफत माती परीक्षणाच्या नावाखाली विकलेली भुकटी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत ‘मोफत माती परीक्षण’ करून देतो असे सांगत आलेल्या एका विक्रेत्याने अनेकांना फसवले. इतर संकुलांतील बागप्रेमींनी सावध राहावे म्हणून तो प्रकार सविस्तर लिहीत आहे.

तो पावसाळा सरता सरता आला आणि वेळ त्याने नेमकी साधली. आपल्याकडच्या मुसळधार पावसात कुंडीतले नत्र पाण्याबरोबर वाहून जाते, खालची जुनी पाने पिवळी पडतात आणि झाडे जपणारा माणूस काळजीत असतो. त्याने दोन दांड्यांचा मीटर कुंडीत खुपसला, काटा लाल पट्ट्यात थांबला आणि “ताई, माती मेली आहे, एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश ही मुख्य अन्नद्रव्ये) शून्य आहे,” असे सांगून त्याने माझ्याकडून व शेजारच्या काकूंकडून प्रत्येकी 1,800 रुपये घेतले आणि ‘सूक्ष्म अन्नद्रव्यां’ची पाकिटे दिली.

अशा स्वस्त मीटरचा काटा मातीतील ओलावा आणि विरघळलेले क्षार यांमुळे हलतो. नत्र, स्फुरद आणि पालाश वेगवेगळे मोजण्याची सोय त्यात नसते. तसाच मीटर आणून आम्ही तो चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात बुडवला, तेव्हा काटा थेट दुसऱ्या टोकाला गेला.

ती भुकटी कुंड्यांत घातल्यावर मोगरा आणि जास्वंदीची नवी पाने पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात. उरलेल्या भुकटीवर लिंबाचा रस पिळताच ती फसफसली, म्हणजे तिच्यात चुनखडीचा किंवा संगमरवराचा भुगा होता. कोकणातील आम्लधर्मी मातीत परीक्षण करून, मोजून चुना घालतात, ते योग्यच आहे. पण कुंडीत तो ओतला की मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. वरचा थर काढून, नवी माती व कंपोस्ट भरून, कृषी सेवा केंद्रातून आणलेले चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) फवारल्यावर झाडे सावरू लागली. काकूंचा जुना मोगरा मात्र गेला, आणि मला त्याचाच अधिक संताप येतो.

पाकिटावर उत्पादकाचे नाव, घटकांचे प्रमाण, बॅच क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार खताच्या पाकिटावर असा तपशील असावा लागतो आणि विक्रेत्याकडे कृषी विभागाची परवानगी असावी लागते. ती दारातच मागावी. माती खरोखर तपासायची असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा, तेथे सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्बही कळतो. ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी रिकामी पाकिटे आणि यूपीआयची नोंद जपून ठेवावी व राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तसेच कृषी विभागाकडे तक्रार करावी. आम्ही दोन्हीकडे केली आहे.