शेठच्या शब्दावर की शिफ्टच्या जबाबदारीवर? दालमिल हाती घेणाऱ्यासाठी

वडिलांची दालमिल, ऑइल मिल किंवा चटईचं युनिट सांभाळायला घेतलेली पोरं जळगाव-धुळ्यात आता बरीच आहेत. कोणतं सॉर्टेक्स (खराब दाणा रंगावरून वेगळा काढणारं मशीन) घ्यावं हे सांगणारे त्यांना दहा भेटतात. माणसं कशी चालवावीत याला मात्र एकच उत्तर मिळतं : बाबा चालवायचे तशीच. मी जळगाव एमआयडीसीत बावीस वर्षं दालमिलांवर सुपरवायझर होतो आणि दोन्ही तऱ्हेच्या मिलांत पगार घेतला आहे. त्या भरवशावर हे लिहितो.

पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची. खरेदी, दुरुस्ती, उचल, सुट्टी, गाडी कधी भरायची, सगळं शेठच्या तोंडून. मुकादम ऐकतो, टोळी राबते. दुसरीत प्रत्येक शिफ्टला एक प्रमुख असतो. काही बाबी आणि काही रक्कम त्याच्या अखत्यारीत असते, तेवढ्यापुरतं तो कुणाला विचारत नाही. संध्याकाळी हिशेब मात्र देतो.

फरक कुठे पडतो ते एका दुपारीनं मला शिकवलं. फेब्रुवारी होता. घासणी करून, म्हणजे साल खरवडून, तेल दिलेली तूर आवारात वाळत पसरलेली, जवळपास दीडशे कट्टे. अवकाळी आभाळ भरून आलं. शेठ बँकेत, फोन बंद. ताडपत्र्या गोदामात, किल्ली मुनीमजींकडे आणि मुनीमजी म्हणाले, शेठना विचारल्याशिवाय गोदाम उघडत नाही. मी हमालांना माल गोळा करायला सांगितलं, तर धरणगावकडचा एक जुना हमाल म्हणाला, "शेठ सांगतीन तवय करसूत." मी पुन्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, मीही फोन लावत बसलो. अर्ध्या तासात माल भिजला. त्या तुरीच्या डाळीला चकाकी आली नाही, तुकडा वाढला, भाव तुटला.

दुसऱ्या दिवशी शेठ चिडून म्हणाले, एवढी माणसं होती, एकाला सुचू नये? सुचलं सगळ्यांना होतं. पण आठवड्यापूर्वी त्याच हमालानं आपल्या मनानं कट्ट्यांची थप्पी हलवली होती आणि चारचौघांत बोलणी खाल्ली होती. त्या बोलण्याची किंमत दीडशे कट्ट्यांनी वसूल झाली.

नंतरच्या मिलमध्ये नियम साधा होता : आभाळाचा निर्णय शिफ्टप्रमुखाचा. पहिल्या हंगामात त्यानं दोनदा माल उचलला आणि पाऊस आलाच नाही. दोन्ही वेळा अर्ध्या दिवसाचं ऊन वाया गेलं. मालक एक शब्द बोलले नाहीत, फक्त विचारलं, काय बघून ठरवलंस? तिसऱ्यांदा पाऊस आला तेव्हा माल छपराखाली होता. अधिकार देणं सोपं आहे हो. चुकलेल्या दोन वेळा गप्प राहणं कठीण, आणि माझ्या मते सगळी पद्धत तिथेच तगते किंवा मोडते.

ही गोष्ट दालमिलपुरती नाही. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या साध्या कामगाराला दोष दिसला की दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवता येते. अमेरिकेत डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये व्यवस्थापकांच्या मनातली दोन गृहीतकं मांडली : माणूस मुळात कामचुकार असतो, त्याला धाक हवा, किंवा योग्य परिस्थिती मिळाली तर तो जबाबदारी आपणहून घेतो. त्यातली खोच अशी की मालक जे धरून चालतो, तसेच कामगार वागू लागतात. आमच्या आवारात नेमकं तेच झालं होतं.

पण "साहेबच नको" हे दुसरं टोकही खरं नाही. गूगलनं २००२ च्या सुमारास इंजिनीअरांवरचे मॅनेजर काढून पाहिले. काही महिन्यांतच फिरून नेमावे लागले, कारण बारीकसारीक तंटे आणि खर्चाचे कागद थेट मालकाच्या टेबलावर येऊ लागले.

शेठ-पद्धत जिथे सरस ठरते ती ठिकाणंही सांगतो. बाजार समितीतला लिलाव. ढिगात हात घालून ओल ओळखायची आणि त्या क्षणी बोली लावायची, हे चार जणांच्या सल्ल्यानं होत नाही. आठ-दहा माणसांच्या युनिटला शिफ्टप्रमुख नेमणं म्हणजे उगाच एक पायरी. आणि चालत्या पट्ट्यात हात घालू नये, वीज बंद केल्याशिवाय पॅनल उघडू नये, यात कुणालाच मोकळीक नको, मालकालाही नको.

बाकी बाबतीत, तीस-चाळीस माणसं आणि दोन शिफ्ट असतील तर मी दुसरी पद्धत निवडेन. एकट्या माणसाला सगळं ठाऊक असण्याचे दिवस गेले. अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी सुरू झालेली कंपनी १९६६ मध्ये एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींच्या हाती आली आणि पुढे विप्रो म्हणून संगणकात गेली. तुपातून संगणकात जाणारा मालक आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्यांवर विसंबल्याशिवाय पाऊल टाकूच शकत नाही. तुमच्या सॉर्टेक्सची सेटिंग तुमच्यापेक्षा ऑपरेटरला जास्त कळते, हे आजही खरं आहे.

आता धोका. तो मुकादमात आहे. टोळी त्यानं आणलेली असते, पोरांच्या उचलीला तो जामीन असतो, कुणाच्या घरी आजारपण असलं तर आधी त्याला कळतं. त्याच्या डोक्यावर चोवीस वर्षांचा आयटीआय झालेला ऑपरेटर बसवलात तर तो भांडणार नाही. पोळ्याला टोळी गावी जाईल आणि परत येणार नाही. म्हणून पहिला शिफ्टप्रमुख मुकादमालाच करा. लिहिणं जमत नसेल तर ऑपरेटर त्याचा मदतनीस म्हणून वही लिहील. पगारातही फरक करा. जबाबदारी वाढवून पगार तोच ठेवला तर माणसाला ते बरोबर कळतं.

पुण्याहून मॅनेजर आणण्याचा तिसरा मार्गही सुचवला जातो. मोठ्या प्लांटला तो लागतो. दालमिलीत मात्र मी पाहिलेले बहुतेक मॅनेजर शेठच्याच हुकमाचे निरोपे झाले, कारण वरचं काही बदललेलं नव्हतं.

अजून ठरत नसेल तर पंधरा दिवस एक वही ठेवा. मिलमधून आलेला प्रत्येक फोन लिहा : कोणी केला, काय विचारलं. शेजारी खूण करा, विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक होतं का. बेल्ट बदलू का, ड्रायव्हरला डिझेलला पैसे देऊ का, असे फोन निम्म्याहून जास्त निघाले, तर तेवढे निर्णय आजच सोडता येतील. एका वेळी दोन-तीनच सोडा आणि रकमेची मर्यादा भिंतीवर लिहून लावा, म्हणजे मुनीमजीही अडवणार नाहीत. सगळं डिसेंबरच्या आत करा. एकदा नवी तूर यायला लागली की दिवसरात्र मिल चालते आणि तेव्हा नवी घडी बसत नाही.