नऊ हजार रोख दिले, पावती घेतली नाही

मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. चार वर्षं घरी काळी मेंदी लावून केस बुटपॉलिश मारल्यासारखे काळे झाले होते. म्हटलं, लग्नापुरता जरा ब्राऊन करावा. जुळे सोलापुरातून रिक्षा केली आणि एका नव्या, चकचकीत सलूनमध्ये गेले.

"अक्का, काळजीच करू नका की. कलर करेक्शनचं पॅकेज आहे, तीन सिटिंग, नऊ हजार. कॅश भरलात तर केसांना आतून बळकटी देणारी बॉन्ड ट्रीटमेंट फ्री." बाहेर सोलापूरचं ऊन, आत एसी, हातात कॉफी. भरले.

आधी केसांना काय लावलंय, हे कुणी विचारलं नाही. काळी मेंदी, असं मीच सांगितलं तर "चालतंय ओ." चालत नाही! काही काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतात. ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, तुटतात. म्हणून मानेमागची बारीक बट कापून तिच्यावर आधी ब्लीच लावून बघतात. अ‍ॅलर्जीची पॅच टेस्ट 48 तास आधी करायची असते. माझी दोन्ही झाली नाहीत.

ब्लीच लावून केस फॉइलमध्ये गुंडाळले. थोड्या वेळानं फॉइलला हात लावला तर चहाच्या पेल्यासारखा गरम. धुतल्यावर मुळाशी पिवळे, मध्ये नारंगी, टोकं काळीच. ओली बट ओढली तर रबरासारखी लांबली आणि तुटून हातात आली.

दुसऱ्या सिटिंगला त्यावर नुसता गडद ब्राऊन चोपडला. याला करेक्शन म्हणे! दहा दिवसांत धुऊन नारंगी परत वर. "तुमच्या बोअरच्या पाण्यानं झालंय, अक्का." पाणी जड आहे, कबूल. पण बट काय बोअरनं तोडली? त्यातच फ्री ट्रीटमेंटच्या परदेशी नावाच्या बाटलीत मोठ्या कॅनमधून साधा कंडिशनर भरताना मुलगी मला आरशात दिसली.

तिसऱ्यांदा गेले तर "टोनरचे अडीच हजार वेगळे." टोनर म्हणजे ब्लीचनंतरची नको ती छटा दबवणारा हलका रंग. पैसे परत मागितले. "पावती दाखवा."

मग ओळखीच्या एका ब्युटीशियनकडे गेले. ती म्हणाली, रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत, आधीचा उतरवावा लागतो. नारंगीला निळसर टोनर, पिवळ्याला जांभळट, आणि मध्ये केसांना विश्रांती. अशा केसांना तर ती नाहीच म्हणते. माझे तिनं खांद्यापर्यंत कापले.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी पाठवलेला दर आणि रोजचे फोटो एवढाच पुरावा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिकडेही जाणार आहे.

लग्नात भर उन्हात डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. विहीणबाई आईला म्हणाल्या, "लेक किती वळणाची आहे हो तुमची!"