सोलरचे कनेक्टर: ओरिजिनल, कम्पॅटिबल की थेट जॉइंट?

गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर घ्यायचं ठरलं की नागपुरात लोक पॅनलची कंपनी विचारतात, इन्व्हर्टर विचारतात, ७८ हजारांची सबसिडी कधी जमा होणार तेही विचारतात. पॅनलची वायर पुढच्या वायरला जोडणारा छोटा प्लॅस्टिकचा कनेक्टर मात्र कोटेशनमधल्या ‘ॲक्सेसरीज’मध्ये निघून जातो. बसवलेल्या सोलरमध्ये आधी तापतो तो बऱ्याचदा हाच.

पर्याय तीन. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा कनेक्टर, एका बाजूला एका कंपनीचा आणि दुसरीकडे त्यात बसणारा दुसऱ्या कंपनीचा ‘कम्पॅटिबल’, किंवा वायर सोलून थेट जॉइंट.

तिसऱ्याचं दोन ओळींत आटोपतो. पॅनलमधून येतो तो डीसी करंट, आणि पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट डीसीला चालत नाही. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीला ती सोय नाही, ठिणगी लागली की जळतच राहते.

खरा घोळ दुसऱ्यात आहे. सोलरमध्ये सर्रास दिसणारा कनेक्टर म्हणजे एमसी-फोर. मूळचा तो स्टॉब्ली या स्विस कंपनीचा, पण त्या आकाराचं काहीही आपल्याकडे एमसी-फोर म्हणूनच विकलं जातं. इन्स्टॉलर म्हणतो, “काही फरक पडत नाही भाऊ, सारखेच असते.” खटकन बसतं, मीटरवर व्होल्टेज येतं, म्हणजे त्या दिवशी त्याचं खरंच असतं. पण आतल्या धातूचा मुलामा, स्प्रिंगचा दाब, प्लॅस्टिकचं माप प्रत्येक कंपनीचं वेगळं. दिवसा तापणं आणि रात्री निवणं चालू राहिलं की पकड ढिली होते.

हिशोबच करा. ५४० वॉटच्या पॅनलमधून भर दुपारी साधारण १३ अँपिअर जातात. चांगल्या जोडीचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आत, म्हणजे उष्णता ०.१ वॉटही नाही. तोच रोध ५० मिलिओहम झाला की जवळपास साडेआठ वॉट, एका एलईडी बल्बाएवढे, अंगठ्याएवढ्या बंद प्लॅस्टिकमध्ये. वर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. एकत्र जोडले जाणारे कनेक्टर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे असावेत, असं सोलर बसवण्याचं आयईसी ६२५४८ हे आंतरराष्ट्रीय मानक उगाच सांगत नाही.

म्हणून “मी ओरिजिनलच लावतो” हेही अर्धवट उत्तर आहे. बऱ्याच पॅनलना कारखान्यातूनच दुसऱ्या कंपनीचा कनेक्टर लागून येतो. तिथे महागडा स्टॉब्ली जोडला तरी जोडी विजोडच. पॅनलच्या डेटाशीटवर कनेक्टरचं नाव पाहा आणि केबलच्या त्या टोकाला तोच मागवा. इन्व्हर्टरच्या खोक्यात बहुधा त्याचे कनेक्टर असतात, दुसऱ्या टोकाला ते लावा. एकाच केबलच्या दोन टोकांना दोन कंपन्या दिसल्या तर बिघडत नाही, उलट तेच बरोबर. माझं मत विचाराल तर आयईसी ६२८५२ या सोलर कनेक्टरच्या मानकाप्रमाणे तपासलेली साध्या कंपनीची पूर्ण जोडी ही नामांकित कंपनीच्या अर्ध्या जोडीपेक्षा कधीही बरी. पैशांतला फरक किरकोळ आहे, आणि सोलरला लाखांत खर्च होतोय.

काम चालू असताना एकदा वर जाऊन बघाच. कनेक्टरच्या आतली धातूची पिन वायरवर साध्या पकडीने दाबली जात असेल तर तिथेच थांबवा, त्याला क्रिंपिंग टूल, म्हणजे पिन दाबायची खास पकडच लागते. दाबलेली पिन हाताने ओढून पाहायची, केबल हलली नाही पाहिजे. मागचं नट पूर्ण आवळलेलं हवं. जोडी स्लॅबवर पडू देऊ नका, पॅनलखाली रेलला, म्हणजे पॅनल ज्यावर बसतं त्या पट्टीला, बांधून घ्या. पावसाळ्यात पाणी साचतं ते स्लॅबवरच.

बॅटरीकडे हा कनेक्टर नेऊच नका. ४८ व्होल्टच्या बॅटरीवर ५ किलोवॉटचा लोड म्हणजे १०० अँपिअरच्या वर. तिथे कायमच्या जोडणीला थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा भोकाचा धातूचा तुकडा) आणि बोल्ट. बॅटरी वरचेवर काढावी लागत असेल तर योग्य अँपिअरचा अँडरसन प्लग, म्हणजे जास्त करंटचा काढता-घालता येणारा प्लग, त्याला मेल-फिमेलची भानगडही नाही.

आणि पॅनल धुवायला कोणी चढलं तर त्याला बजावून ठेवा: कनेक्टरला हात लावायचा नाही. उघडायचाच असेल तर आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारा करंट तोडणारा स्विच), मग कनेक्टर.