प्लाझ्मा की कॉस्टिक? नॅचरल फायबरला नक्की काय मानवतं

प्लास्टिकमध्ये धागे घालून कंपोझिट (दोन्ही मिळून बनलेलं मटेरियल) करायचं तर ताग, अंबाडी, घायपात कुठलाही धागा घ्या, भानगड एकच, सेल्युलोजमधल्या (धाग्याचा मुख्य पदार्थ) हायड्रॉक्सिल (-OH) ग्रुपमुळे तो पाणी ओढतो आणि वर मेणाचा थर, मग रेझिन (धाग्यांना बांधून ठेवणारं प्लास्टिक) त्याला नीट धरतच नाही आणि लोड आला की धागा सरळ निसटून बाहेर येतो.

कॉस्टिक सोड्याचा उपाय जुना आणि स्वस्त. साधारण ५ टक्क्यांच्या द्रावणात धागे बुडवायचे, मेण आणि धाग्यांना एकमेकांना चिकटवणारे पदार्थ, म्हणजे हेमिसेल्युलोज, थोडं लिग्निन, निघून जातं, जुडगा सुटा होतो आणि पृष्ठभाग खरबरीत. पण सोडा जास्त झाला की धागाच कमजोर होतो, शिवाय नंतर धुवा, न्यूट्रल करा, वाळवा, आणि ते अल्कलीवालं पाणी कुठे सोडणार? ग्रीन कंपोझिट म्हणायचं आणि मागे असं सांडपाणी ठेवायचं हे मला तरी खटकतं.

प्लाझ्मा म्हणजे विजेने आयनीभूत केलेला गॅस, त्यात धागे ठेवायचे. हा उपाय पूर्ण कोरडा, काम काही मिनिटांत, आणि बदल फक्त वरच्या काही नॅनोमीटरमध्ये, त्यामुळे आतली ताकद बहुतेक शाबूत राहते (अति वेळ ठेवला तर मात्र इथेही धागा खराब होतो). खरी मजा गॅस निवडण्यात आहे, ऑक्सिजनने कार्बोनिल, कार्बोक्सिल ग्रुप येतात, ते इपॉक्सीला (एक प्रकारचं रेझिन) चांगलं, पण पॉलीप्रोपिलीनसारखं पाण्यापासून लांब पळणारं प्लास्टिक असेल तर मिथेनसारखा गॅस जास्त जुळतो. अडचणी पण आहेत, लो प्रेशरला व्हॅक्यूम चेंबर लागतो, जाड जुडग्याच्या आतले धागे तसेच राहतात, आणि परिणाम दिवसांगणिक उतरतो म्हणून ट्रीटमेंटनंतर लगेच रेझिन लावलेलं बरं.

पातळ कापड किंवा सुटे धागे असतील तर मी प्लाझ्माच घेईन, जाड जुडगे आणि बजेट कमी असेल तर कॉस्टिकच, पण पाण्याची सोय आधी करून.