विमानतळावरची स्मोकिंग रूम: 5 पैकी 2 स्टार, आणि थोडी भडास

आधीच सांगतो, मी ओढणारा माणूस आहे आणि हा रिव्ह्यू ओढणाऱ्यांसाठीच आहे. ज्यांना सिगरेटचा वासही सहन होत नाही त्यांनी वाचलं तरी चालेल पण खाली लेक्चर देऊ नका, ते मला घरी फुकट मिळतं.

रिव्ह्यू आहे आखातातल्या एका मोठ्या विमानतळावरच्या स्मोकिंग रूमचा. नाव लिहीत नाही कारण शिव्याच जास्त आहेत. मुंबईहून टोरांटोला मुलीकडे जाताना मध्ये थांबा होता. पहिली फ्लाइट तीन तासांची, ती कशीतरी निघते, खरी पंचाईत पुढच्या चौदा तासांची, म्हणून ही खोली म्हणजे शेवटचा पाणवठा.

सापडायलाच वेळ लागतो. बाण आहेत, पण प्रत्येक बाण पुढच्या बाणाकडे पाठवतो आणि शेवटी फूड कोर्टच्या मागे, टॉयलेटच्या शेजारी एक काचेचा डबा दिसतो. आत खुर्ची एकही नाही. उंच टेबलं, त्यांच्या मध्ये राखेची जाळी. एक्झॉस्ट असा घरघरतो की वाटतं आता सगळा धूर ओढून घेणार, पण धूर जागचा हलत नाही, डोळ्यांच्या लेव्हलला ढग लटकलेला. खरं सांगू का, आत शिरल्यावर स्वतःची पेटवायची गरजच राहत नाही, दोन श्वास घेतले की झालं. भिंतीवर कॉइलवाले लायटर बसवलेत (आपले लायटर मुंबईला सिक्युरिटीत गेलेले असतात), त्यातले निम्मे बंद. शेवटी एका केरळच्या पोरानं 'लो अंकल' म्हणत आपल्या सिगरेटवरून पेटवून दिली. आतली माणसं मात्र एक नंबर, कुठल्याही देशाचा असो, तिथे सगळे भाऊ.

आता भडास. तिथे एक गृहस्थ भेटले, आपलेच, नाशिकचे, आणि त्यांचं सुरू झालं की विमानातली बंदी हा शुद्ध अन्याय आहे, पूर्वी मागच्या रांगांमध्ये बसून आरामात ओढायचो, कोण मेलं? मी पण आधी मान हलवत होतो. तलफ आलेल्या माणसाला हे पटतंच. पण मग त्यांचे एकेक मुद्दे ऐकत ऐकत मी त्या दाराकडे बघत होतो. दर मिनिटाला सरकतं दार उघडायचं, धूर भसकन बाहेर, आणि बाहेरच्या बाकांवर बसलेल्या बायका पोरांच्या नाकाला ओढणी लावायच्या. जमिनीवर, काचेच्या भिंती, वेगळा एक्झॉस्ट, तरी हे हाल. अमेरिकेत 1973 मध्ये विमानात नो स्मोकिंगच्या वेगळ्या रांगा सक्तीच्या केल्या, आणि या 'वेगळ्या' रांगांमध्ये काच नाही, दार नाही, एकच हवा सगळ्यांना! चोविसावी रांग ओढणारी आणि तेविसावी शुद्ध, हे कुणाला पटत होतं काय माहीत. पण तंबाखू कंपन्यांची जी संघटना होती, टोबॅको इन्स्टिट्यूट, ती शेवटपर्यंत हेच म्हणत राहिली की वेगळ्या रांगा पुरेशा आहेत. 1986 मध्ये तिथल्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसने विमानातल्या हवेवर रिपोर्ट दिला आणि सरळ बंदी करा म्हणून सांगितलं, तरी लढाई चालूच. 1987 मध्ये डिक डर्बिन नावाच्या खासदाराने दोन तासांपर्यंतच्या फ्लाइट्सपुरती बंदी सुचवली (त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते) ती पास झाली 198 विरुद्ध 193 मतांनी. पाच मतं! एप्रिल 1988 पासून ती लागू झाली, मग फेब्रुवारी 1990 पासून बहुतेक सगळ्या देशांतर्गत फ्लाइट्सना, आणि अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना लागू व्हायला 2000 साल उजाडलं.

नाशिककरांचा दुसरा मुद्दा, बंदी केली की लोक टॉयलेटमध्ये चोरून ओढतात आणि ते जास्त डेंजर. हा मुद्दा तेव्हाही जोरात मांडला गेला होता आणि यात अर्धं खरं आहे. जुलै 1973 मध्ये वारिग या ब्राझीलच्या कंपनीचं विमान पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या अलीकडे शेतात उतरवावं लागलं, मागच्या टॉयलेटमध्ये आग लागलेली, 123 माणसं गेली, बहुतेक धुराने. कचऱ्याच्या पेटीत टाकलेल्या थोटकाचा संशय होता. पण अहो, तेव्हा विमानात सीटवर बसून ओढायला पूर्ण परवानगी होती! म्हणजे परवानगी दिली की टॉयलेटमध्ये कोणी ओढत नाही हे कुठून आलं? आजही टॉयलेटच्या दारावर किंवा शेजारी अॅशट्रे असतो ना, बरेच लोक त्याचे फोटो काढून हसतात, तो याचसाठी. कोणीतरी नियम मोडणारच, मोडलाच तर थोटूक कागदाच्या पेटीत जाऊ नये. आमच्या जमातीवर किती भरवसा आहे बघा.

मग ताजी हवा. म्हणे धूर बंद झाल्यावर कंपन्यांनी बाहेरची हवा कमी करून तीच तीच हवा फिरवायला सुरुवात केली, आमच्यामुळे तरी हवा स्वच्छ यायची. हवा फिरवणं तर 767 सारखी विमानं 1980 च्या दशकात आली तेव्हाच सुरू झालेलं, इंधन वाचवायला, तेव्हा तर मागे लोक ओढतच होते. आणि शेवटी हुकमाचा एक्का: भेगेतून धूर बाहेर झिरपला की उरणारे निकोटिनचे पिवळे डाग बघून मेकॅनिकला विमानाच्या पत्र्यातली भेग सापडायची. हे ऐकून मला खरंच हसू आलं, कारण गोष्ट अगदी खोटी नाही. तैवानच्या चायना एअरलाइन्सचं 747 मे 2002 मध्ये तैपेईहून हाँगकाँगला जाताना हवेतच तुटलं, 225 जण गेले, कारण 1980 मध्ये शेपटी घासल्यावर केलेली दुरुस्ती चुकीची होती. त्या ठिगळाभोवती निकोटिनचे तपकिरी डाग होते, जुन्या फोटोंत दिसतात. डाग वर्षानुवर्षं होते. बघितले कोणी?

जर्मनीत 2006 च्या सुमारास एका माणसाने खास ओढणाऱ्यांसाठी विमान कंपनी काढायची ठरवली होती, स्मिंटएअर, ड्युसेलडॉर्फ ते टोकियो, जंबो जेट वगैरे. एकही फ्लाइट उडाली नाही. नाशिककर म्हणाले, बघा, ज्याला हवं त्याला जाऊ द्यायचं होतं! प्रवाशांपुरतं मलाही हे पटतं, चौदा तासांसाठी मी दीडपट पैसेही भरेन. पण हे बोलणं चालू असतानाच सफाईवाला आत आला, तोंडाला साधं कापडी मास्क, जाळ्या उपसून राख पिशवीत भरत होता, खोकत होता, आणि दुपारपासून तो कितव्यांदा आत आला होता कुणास ठाऊक. आम्ही दहा मिनिटांत बाहेर, तो दिवसभर. अमेरिकेत फ्लाइट अटेंडंट बायकांनी 1991 मध्ये याच्यावरच केस टाकली होती, नॉर्मा ब्रोइन पहिलं नाव, स्वतः कधी सिगरेट न ओढलेली आणि फुप्फुसाचा कॅन्सर झालेली. 1997 मध्ये तंबाखू कंपन्यांनी 30 कोटी डॉलरवर तडजोड केली, पैसा संशोधनाच्या फाउंडेशनला गेला, बायकांच्या हातात थेट काही नाही. म्हणून विमानात ओढू द्या म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की ट्रे घेऊन त्या ढगातून कोण चालणार.

पण याचा अर्थ असा नाही की जमिनीवरच्या खोल्याही बंद करा. अमेरिकेत अटलांटाने 2020 च्या सुरुवातीला आपल्या उरलेल्या खोल्या बंद केल्या आणि हे मला पटत नाही, कारण तलफ काही विमानतळाच्या नियमाने जात नाही, टॉयलेटमध्ये जाते. खोली ठेवा, दोन दारांची ठेवा, एक्झॉस्ट खरा बसवा आणि राख काढायला येणाऱ्याला धड मास्क द्या, तिकिटात घ्या पैसे वाटल्यास. सिंगापूरला चांगी विमानतळावर कॅक्टस गार्डनमध्ये उघड्यावर ओढायची सोय आहे, वरती आकाश, धूर जातो कुठल्या कुठे, तसं करा. (सिंगापूरला सिगरेटवर ड्युटी फ्री सूट अजिबात नाही, पाकीट खिशात विसरू नका.)

पुढच्या चौदा तासांसाठी 2 मिलिग्रॅमची निकोटिन गम घेतली होती, मेडिकलमध्ये मिळते. च्युइंगमसारखी चघळत बसलात तर पोटात जळजळ आणि उचक्या, थोडी चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची. कॉफी पिऊन लगेच घेऊ नका, काम करत नाही. गमला 4 स्टार, एक स्टार चवीसाठी कापला, पुदिना कमी आणि मिरी जास्त.

खोलीला 2. एक चालू असलेल्या लायटरला, एक त्या केरळच्या पोराला. जॅकेट घालून आत जाऊ नका, काढून बाहेर बायकोकडे द्या, नाहीतर शेजारचा प्रवासी टोरांटोपर्यंत नाक धरून बसतो. आणि रात्री दोन ते चारच्या मध्ये अजिबात जाऊ नका, तेव्हा सगळ्या लांबच्या फ्लाइट्स एकदम सुटतात आणि आत हात वर करायला जागा नसते.