गाठीचे नाव बदलले : परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील फेरतपासणी

माझ्या मामांच्या जठरातून काढलेली गाठ गावाकडच्या एका प्रयोगशाळेने दोन ओळींच्या अहवालात साध्या स्नायूची ठरवून टाकली होती. समाधान न झाल्याने गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ठोकळे आणि तिचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या रुमालात गुंडाळून आम्ही १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात आलो. येथे सीडी११७ व डॉग१ या प्रथिनांसाठी चाचणी झाली, पेशी गडद तपकिरी रंगल्या, म्हणजे ती प्रथिने त्यांत सापडली, आणि निदान ‘जिस्ट’ असे आले, म्हणजे पचनमार्गाच्या हालचालीची लय राखणाऱ्या पेशींशी नाते सांगणारा दुर्मीळ कर्करोग.

नावातला हा फरक कागदापुरता नसतो, कारण नेहमीच्या केमोथेरपीला हा आजार फारसा दाद देत नाही, तर इमॅटिनिबच्या गोळ्या बहुतेकांना लागू पडतात. डॉक्टरांनी या आजारात बहुधा बिघडलेल्या किट जनुकाची तपासणीही आग्रहाने करून घेतली. बदल जनुकाच्या अकराव्या एक्सॉनमध्ये (म्हणजे तुकड्यात) असल्यास रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सहसा पुरते, नवव्यात असल्यास अनेकदा मात्रा वाढवावी लागते, हे त्यांनी मामांना कागदावर आकृती काढून समजावले. (मामांनी तो कागद अजून पाकिटात ठेवला आहे.) येथे येणाऱ्यांनी केवळ अहवाल न आणता मूळ ठोकळे अवश्य आणावेत.